परसात स्पीकर लावायचेत? आधी खुर्च्या मांडून बघा

माझ्या परसातले पहिले स्पीकर मी दुकानात ऐकून पसंत केले होते आणि तिथेच फसलो. दुकानातल्या बंद खोलीत त्यांचा बेस छातीत घुमत होता. घरी आणून मागच्या भिंतीवर, दाराच्या दोन्ही अंगांना ठोकले, संध्याकाळी पहिलं गाणं लावलं आणि तो घुमारा कुठल्या कुठे गेला. आवाज पातळ, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. बेस यावा म्हणून आवाज वाढवला, तर दाराजवळ बसलेली मंडळी एकमेकांशी ओरडून बोलायला लागली आणि पलीकडच्या टोकाला झाडाखाली बसलेल्यांना गाण्याचे शब्दही धड कळेनात. तिसऱ्या गाण्याला कुंपणावरून शेजारचे काका डोकावले. "गाणं छान आहे," म्हणाले, "पण तुमच्यापेक्षा आमच्याच खोलीत जास्त ऐकू येतंय."

त्यांचं बरोबर होतं. स्पीकर घराच्या भिंतीवर, तोंड बाहेर, म्हणजे नेम धरून त्यांच्या खिडकीवर रोखलेले. पुढच्या दोन-तीन वर्षांत ती सगळी मांडणी मोडून मी पुन्हा उभी केली, काही गोष्टी दोनदा विकत घेतल्या, एक चर दोनदा खणला. त्यातून जो क्रम हाती लागला तो इथे देतो. स्पीकरचं मॉडेल ठरवणं या क्रमात बरंच खाली येतं, आणि ते खाली येतं म्हणूनच पैसे वाचतात.

उघड्यावर गेलेला आवाज परत येत नाही

खोलीत आपण ऐकतो त्यातला बराचसा आवाज भिंती, छत आणि फरशीवरून उसळून आलेला असतो. मोकळ्या आवारात ही मदत नसते. सुटलेला आवाज चहूकडे पसरत पातळ होत जातो. हिशेब सोपा आहे: अंतर दुप्पट झालं की आवाजाची पातळी ६ डेसिबलने उतरते. स्पीकरपासून १ मीटरवर ९० डेसिबल असतील, तर २ मीटरवर ८४, ४ मीटरवर ७८ आणि ८ मीटरवर ७२.

हेच आकडे उलट्या बाजूने वाचा. ८ मीटरवर बसलेल्या माणसाला ७२ डेसिबल ऐकू यावेत म्हणून १ मीटरवरच्या माणसाच्या कानावर ९० आदळतायत. साधं बोलणं मीटरभर अंतरावर साधारण ६० डेसिबलचं असतं. माझ्या दाराजवळच्या मंडळींचं काय झालं ते यावरून कळेल.

आता वॅटकडे वळू, कारण खोक्यावर सगळ्यात ठळक अक्षरात तेच छापलेलं असतं. वॅट दुप्पट केले की मिळतात फक्त ३ डेसिबल. कानाला आवाज 'दुप्पट' वाटायला सुमारे १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. ५० वॅटचा ॲम्प (स्पीकरला ताकद पुरवणारा ॲम्प्लिफायर) काढून १०० वॅटचा बसवला तर फरक लक्ष देऊन ऐकलं तरच जाणवतो. तोच स्पीकर ८ मीटरवरून ४ मीटरवर आणला तर ६ डेसिबल फुकटात मिळतात. तेवढेच डेसिबल ॲम्पकडून हवे असतील तर चौपट वॅट मोजावे लागतील.

म्हणून आवाराचं गणित असं बसतं: स्पीकर लहान चालतील, पण ते ऐकणाऱ्याच्या जवळ हवेत, संख्येने जास्त हवेत आणि प्रत्येक हळू वाजणारा हवा. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच एका गोष्टीवर उभ्या आहेत.

पायरी १: कागद, पेन्सिल आणि चार खुर्च्या

आवाराचा नकाशा काढा. प्रमाणात नसला तरी चालेल, पण अंतरं पावलांनी मोजून लिहा. घर, कुंपण, झाडं, नळ, विजेचा बोर्ड आणि शेजाऱ्यांच्या खिडक्या दाखवा. खिडक्या तर लाल पेनाने काढा.

मग खरोखरच खुर्च्या मांडा. माणसं जिथे बसतात तिथे. जिथे बसावीत असं आपल्याला वाटतं तिथे नव्हे. माझ्या नकाशात आवाराच्या मधोमध एक सुंदर गोल होता. प्रत्यक्षात तिथे कधी कोणी बसलंच नाही. माणसं दारासमोरच्या सावलीत आणि झाडाखालच्या कट्ट्यावर बसत होती, मधला भाग मुलांच्या धावण्याचा. म्हणजे आवाज हवा होता दोन जागी, पूर्ण आवारात नव्हे. या एका निरीक्षणाने माझी स्पीकरची संख्या जवळपास निम्म्यावर आली.

त्यानंतर एखादा हातात मावणारा बॅटरीचा स्पीकर घ्या, नसेल तर कोणाचा तरी मागून आणा. स्पीकर जिथे बसवायचा विचार आहे तिथे स्टुलावर किंवा बादली पालथी घालून तो ठेवा, एखादं ओळखीचं गाणं लावा आणि प्रत्येक खुर्चीवर जाऊन बसा. मग कुंपणापर्यंत चालत जा. स्पीकरचं तोंड फिरवून पुन्हा ऐका. हा तासाभराचा खेळ वाटेल, पण यात जे कळतं ते कुठल्याही माहितीपत्रकात नसतं. संध्याकाळी करा, दिवसा रस्त्याच्या आवाजात फरक बुडून जातात.

याच टप्प्यावर स्वतःला एक प्रश्न विचारा: हा हातातला स्पीकरच पुरतोय का? चार-पाच माणसं एका टेबलाभोवती बसणार आणि महिन्यातून दोनदा गाणी लागणार असतील, तर जलरोधक बॅटरीचा एक चांगला स्पीकर टेबलाच्या मधोमध ठेवा आणि हा लेख इथेच मिटून ठेवा. खोदकाम नाही, वायर नाही, पावसात आत उचलून नेता येतो. त्याहून मोठी जागा किंवा रोजचा वापर असेल तरच पुढे चला.

पायरी २: स्पीकरची जात ठरवा

बाहेरच्या स्पीकरचे ढोबळ चार प्रकार मिळतात. भिंतीवर ब्रॅकेटने बसणारे, सर्वांत प्रचलित. छज्जाच्या किंवा व्हरांड्याच्या छतात गोल भोक पाडून बसणारे. यांना पावसाचा मार कमी, पण आवाज सरळ खाली पडतो, त्यामुळे फक्त व्हरांड्यापुरते. बागेत खुंटीवर रोवायचे छोटे स्पीकर, झाडोऱ्यात दडणारे. आणि दगडासारखे दिसणारे.

दगडाच्या स्पीकरवर माझा राग आहे, तो सांगूनच टाकतो. दिसायला मजेशीर असतात आणि जमिनीवर टेकल्यामुळे बेसही बरा देतात. पण तोंड ठरलेलं, वर-खाली वळवता येत नाही, आणि आत पोकळी. माझा एक दगड वर्षभराने फुरफुरायला लागला म्हणून उलटा केला, तर तळाच्या भोकातून मुंग्यांची रांग बाहेर पडली. आत वारुळाची सुरुवात झालेली. कोनच्या, म्हणजे स्पीकरच्या थरथरणाऱ्या पडद्याच्या, कडेचा फोम बोटाने दाबला तर ओल्या पावासारखा चुरा झाला. तळाला बारीक जाळी असलेला आणि कडेला रबर असलेला मिळाला तर घ्या, एरवी नको.

एकाच जागी एकच स्पीकर लावता येणार असेल, तर डावा आणि उजवा असे दोन्ही चॅनल एका डब्यात वाजवणारे स्पीकर मिळतात. साधा एकटा स्पीकर फक्त डाव्या चॅनलला जोडला तर अर्धं गाणं गायब होतं. काही जुन्या गाण्यांत गायक एका बाजूला आणि वाद्यं दुसऱ्या बाजूला असतात. तिथे तर फजितीच.

मुळात आवारात स्टिरिओचा हट्ट सोडावा असं माझं मत आहे. दोन स्पीकरच्या बरोबर मध्ये बसलेल्याला स्टिरिओचा आनंद मिळतो, आणि आवारात मध्ये कोणीच बसत नाही. सगळ्या स्पीकरना दोन्ही चॅनल एकत्र करून मोनो द्या. काही ॲम्पवर मोनोचं बटण असतं. नसेल तर बहुतेक फोनच्या सेटिंगमध्येही ती सोय असते. फक्त दोन्ही चॅनलच्या वायरी एकमेकींना पिळून 'मोनो' करू नका, ॲम्प जळेल.

पायरी ३: किती, कुठे आणि तोंड कुणीकडे

स्पीकरचा आवाज पंख्यासारखा पसरतो. पसरण्याचा कोन ९० अंश धरला, तर स्पीकरपासून जेवढं अंतर, त्याच्या दुप्पट रुंदी तो झाकतो. ३ मीटरवर बसलेल्यांसाठी ६ मीटरची पट्टी. नकाशावर प्रत्येक स्पीकरसमोर असा त्रिकोण काढा आणि खुर्च्या त्रिकोणात येतात का बघा. शेजारच्या त्रिकोणांच्या कडा एकमेकींवर थोड्या चढू द्या. बसायच्या एका जागेला सहसा दोन स्पीकर पुरतात.

आता तोंड. सवयीने आपण स्पीकर घराच्या भिंतीवर लावून बाहेर रोखतो, कारण वायर तिथे सहज पोचते. शेजाऱ्यांना त्रास होतो तो यामुळे. शक्य असेल तर स्पीकर कुंपणाच्या बाजूला, कमी उंचीवर बसवा आणि तोंड आपल्या घराकडे करा. आवाज आपल्या भिंतीवर आदळतो, त्यातला थोडा आपल्याकडेच परततो आणि पलीकडे जाणारा भाग कमी होतो. भिंतीवरच लावायचे झाले तर अडीच-तीन मीटर उंचीवर लावून तोंड १०-१५ अंश खाली झुकवा. आवाज कुंपणावरून उडण्याऐवजी खुर्च्यांवर उतरतो आणि जाळीवर साचलेलं पाणीही ओघळून जातं.

'कडेला दाट झाडी आहे, आवाज अडेल' या भरवशावर राहू नका. मेंदीचं कुंपण नजर अडवतं, आवाज नाही. भक्कम भिंत वरच्या पट्टीचे आवाज अडवते, पण बेस तिला वळसा घालून जातो: ५० हर्ट्झच्या (सेकंदाला ५० कंपनांच्या) ध्वनीची लहर जवळपास ७ मीटर लांब असते, तिच्यासमोर दोन मीटरची भिंत म्हणजे उंबरठा.

एक बारकावा मोठ्या आवारासाठी. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे मीटरमागे ३ मिलिसेकंद. एकच गाणं वाजवणारे दोन स्पीकर, एक तुमच्या कानाशी आणि दुसरा १७ मीटर दूर असेल, तर दूरचा आवाज ५० मिलिसेकंद उशिरा येतो आणि ताल दुहेरी ऐकू यायला लागतो. उपाय पुन्हा तोच: प्रत्येक जागेचे स्पीकर हळू ठेवा, म्हणजे दूरचा आवाज तुमच्यापर्यंत येईस्तो विरलेला असेल.

पायरी ४: बेसचं काय करायचं

बाहेर सगळ्यात आधी बेस हरवतो. स्पीकर भिंतीला टेकवला किंवा जमिनीवर ठेवला की बेस ६ डेसिबलपर्यंत वाढतो; भिंत आणि जमीन मिळतात त्या कोपऱ्यात आणखी वाढतो. एकही जास्तीचा वॅट न खर्चता. म्हणून मोकळ्या खांबावर टांगलेला स्पीकर कायम केविलवाणा वाटतो.

तेवढ्याने भागलं नाही तर बाहेर चालणारा वेगळा सबवूफर, म्हणजे फक्त बेस वाजवणारा स्पीकर, लागतो. काही अर्धे जमिनीत पुरायचे असतात, वर फक्त आळंब्यासारखं तोंड दिसतं. एक सबवूफर पुरतो. खालचे स्वर कुठून येतायत हे कानाला नीट ओळखता येत नाही, त्यामुळे तो झुडपामागे लपला तरी चालतं. शेजाऱ्याच्या भिंतीला मात्र तो टेकवू नका. आणि सबवूफर जोडलात तर छोट्या स्पीकरना साधारण ८० हर्ट्झच्या खालचे स्वर देणं बंद करा. ॲम्पमध्ये किंवा सबवूफरवर ही सोय असते. छोटे कोन उगाच धडपडायचे थांबतात, आवाज स्वच्छ होतो आणि स्पीकरचं आयुष्य वाढतं.

सबवूफर नसला तर बेसचं बटण पूर्ण फिरवून कमतरता भरून काढायचा मोह होईल. टाळा. पाच इंची कोन १० डेसिबल जास्त बेस मागितला तर तो देत नाही, खोकतो.

पायरी ५: ऊन, पाऊस आणि खोक्यावरचे दावे

'वेदरप्रूफ' या शब्दाला ठरलेला अर्थ नाही. 'आयपी ६५' असा लिहिलेल्या आयपी आकड्याला आहे. त्यातला पहिला अंक धुळीसाठी, दुसरा पाण्यासाठी. दुसरा ४ असेल तर कुठूनही उडालेले शिंतोडे सोसतो, ५ असेल तर पाण्याचा फवारा, ६ असेल तर जोरदार फवारा, ७ असेल तर मीटरभर पाण्यात अर्धा तास. पहिल्या अंकाच्या जागी एक्स असेल तर धुळीची चाचणी नोंदलेली नाही इतकंच समजायचं.

गंमत म्हणजे ७ मध्ये ५ आणि ६ आपोआप येत नाहीत. बुडवण्याची चाचणी वेगळी, फवाऱ्याची वेगळी. फक्त ७ लिहिलेला स्पीकर बागेच्या फवाऱ्यासमोर टिकेलच असं नाही. छताखालच्या स्पीकरला ४ पुरतो. उघड्यावर पावसात राहणाऱ्याला ६५ किंवा ६६ बघा. बागेला पाणी देणारे फवारे स्पीकरच्या तोंडावर येत नाहीत ना, हेही पाहा. पाऊस वरून पडतो, फवारा समोरून थेट जाळीत घुसतो.

आणि आयपी आकडा उन्हाबद्दल चकार शब्द काढत नाही. खाऱ्या हवेबद्दलही नाही. माझ्या अनुभवात पावसापेक्षा ऊनच स्पीकर खातं: प्लास्टिक पिवळं पडून तडकतं, मग त्या तडीतून पाणी आत जातं आणि दोष पावसाला मिळतो. त्यामुळे साहित्य विचारा. डब्याचं प्लास्टिक एएसए असेल तर उन्हात साध्या एबीएसपेक्षा चांगलं टिकतं. कोन पॉलिप्रॉपिलीनचा हवा, कागदाचा ओल धरून फुगतो. कोनच्या कडेचं रबर हवं, फोम नको. फोमची गोष्ट दगडात सांगितलीच. जाळी ॲल्युमिनियमची, स्क्रू आणि ब्रॅकेट स्टेनलेस स्टीलचे. समुद्राजवळ राहत असाल तर ३१६ दर्जाचं स्टील मागा. डबा बदलता येत नाही, पण ब्रॅकेटचे चार गंजके स्क्रू घरी आल्या आल्या बदलता येतात. मी तेच करतो.

पायरी ६: ॲम्प आणि ओहमचा हिशेब

ॲम्प घरात ठेवा. बाहेर फक्त स्पीकरची वायर जाऊ द्या. ज्यांच्या पोटातच ॲम्प असतो अशा स्पीकरना प्रत्येक जागी मुख्य वीज न्यावी लागते. ते काम स्वतः करू नका, परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या आणि त्या लाइनवर ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळताच लाइन तोडणारा स्विच) आहे याची खात्री करा.

ॲम्प किती वॅटचा? स्पीकरच्या माहितीत सेन्सिटिव्हिटीचा आकडा शोधा. समजा ८८ डेसिबल, म्हणजे १ वॅटला १ मीटरवर ८८. ४ मीटरवर त्यातले १२ गेले, उरले ७६. गप्पांच्या मागे वाजणाऱ्या संगीताला तेवढे पुष्कळ झाले, आणि तेही एका वॅटमध्ये. गाण्यातल्या ठोक्यांसाठी आणखी १० डेसिबलची जागा ठेवली तरी १० वॅट. चॅनलमागे ३०-५० वॅटचा चांगला ॲम्प घरच्या आवाराला पुरून उरतो. मात्र सेन्सिटिव्हिटी '२.८३ व्होल्टला' दिली असेल आणि स्पीकर ४ ओहमचा (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या रोधाचं माप) असेल, तर ती खरं तर २ वॅटची असते. तुलना करताना त्यातून ३ डेसिबल वजा करा.

आता ओहम. ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की ॲम्पला ४ ओहम दिसतात, चार जोडले की २. घरगुती ॲम्प बहुधा ४ च्या खाली तापून बंद पडतो. चार जोडायचेच असतील तर दोन-दोन एकापाठोपाठ जोडून त्या दोन जोड्या समांतर जोडा, पुन्हा ८ ओहम होतात. अट एवढीच की चारही स्पीकर एकाच मॉडेलचे हवेत. ॲम्पवर ए आणि बी अशी दोन जोड्यांची बटणं असतील तर मागचं पॅनेल वाचा. घरातले स्पीकर ए वर, आवारातले बी वर आणि दोन्ही बटणं एकदम दाबली, तर बऱ्याच ॲम्पमध्ये दोन्ही जोड्या समांतर होतात. माझा ॲम्प असाच एका संध्याकाळी टप्पकन बंद पडला होता, आणि मी अर्धा तास फ्यूज शोधत बसलो.

स्पीकर सहा-आठाच्या पुढे गेले किंवा वायर लांब असेल, तर १०० व्होल्ट लाइनची पद्धत बघा. काही देशांत हीच ७० व्होल्टची असते. प्रत्येक स्पीकरमध्ये छोटा ट्रान्सफॉर्मर असतो आणि तो किती वॅट घेणार हे खटक्याने निवडता येतं. ओहमची कटकट संपते, नुसती वॅटची बेरीज करायची. ८ स्पीकर प्रत्येकी १५ वॅटवर म्हणजे १२०. ॲम्प ८० टक्क्यांपर्यंतच भरावा या हिशेबाने १५० वॅटचा घ्यायचा. व्होल्टेज जास्त असल्यामुळे करंट कमी, म्हणून बारीक वायरही चालते. तोटाही सांगतो: स्वस्त ट्रान्सफॉर्मर बेस खातात, आणि १०० व्होल्टच्या उघड्या टोकाला हात लागला तर झटका बसतो, तेव्हा जोड बंद डब्यातच.

पायरी ७: वायर, चर आणि जोड

इथे कंजुषी केली तर सगळं पुन्हा उकरावं लागतं. दोनदा खणलेला चर हाच.

पहिल्या वेळी मी घेतलेली वायर वरून तांब्याची दिसत होती. दुसऱ्या पावसाळ्यानंतर एक बाजू मुकी झाली. जोड उकरून टेप सोडवली, तर आत पांढरी भुकटी, आणि तारेचं टोक चिमटीत धरताच तुटून हातात आलं. चाकूने खरवडलं तर खाली चंदेरी. तांब्याचा नुसता मुलामा, आत ॲल्युमिनियम. अशी वायर सर्रास मिळते, वजनाला हलकी लागते आणि वेष्टनावर सीसीए अशी तीन अक्षरं कुठेतरी बारीक छापलेली असतात. शुद्ध तांबंच घ्या.

जाडीचा हिशेब असा. घरापासून स्पीकर ३० मीटर दूर असेल तर विजेला जाऊन-येऊन ६० मीटर चालावं लागतं. तांब्याच्या १.५ चौरस मिलिमीटर वायरचा एवढ्या लांबीला रोध होतो सुमारे ०.७ ओहम, २.५ ला सुमारे ०.४, आणि ४ ला पाव ओहमच्या आसपास. वायरचा रोध स्पीकरच्या ओहमच्या ५ टक्क्यांच्या आत ठेवावा असा नेम आहे. ८ ओहमला मर्यादा ०.४, म्हणजे ३० मीटरला २.५ ची वायर जेमतेम बसते. ४ ओहमचा स्पीकर असेल तर ४ ची वायरसुद्धा थोडी अपुरीच. १५ मीटरच्या आत १.५ मध्ये ८ ओहमचं काम भागतं.

जमिनीखालून नेताना पुरण्यासाठी बनवलेली दुहेरी वेष्टनाची वायर घ्या किंवा साधी वायर २५ मिलिमीटरच्या पाइपातून न्या. मी म्हणेन दोन्ही करा. चर कुदळीच्या घावाखाली जाईल इतका खोल हवा, फूटभर तरी. तुमच्याकडचा नियम याहून जास्त सांगत असेल तर तो पाळा. विजेच्या मुख्य केबलपासून ३० सेंटिमीटर लांब राहा, ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा. पाइपात एक नायलॉनची दोरी मोकळी सोडून ठेवा. पुढे आणखी एक वायर ओढायची वेळ हमखास येते. आणि माती लोटण्याआधी चरात मोजायची टेप अंथरून फोटो काढा. पुढच्या वर्षी झाड लावताना तो फोटो शोधाल.

जमिनीत जोड शक्यतो देऊच नका. द्यावा लागलाच तर आत जेल भरलेले जोड मिळतात ते वापरा. नुसती इन्सुलेशन टेप पाणी बाहेर ठेवत नाही, आत शिरलेलं पाणी धरून ठेवते. भिंतीवरच्या स्पीकरमध्ये वायर जाण्याआधी तिला खाली एक झोळ द्या, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी झोळाच्या टोकाला गळून पडेल आणि टर्मिनलपर्यंत पोचणार नाही. दहा सेंटिमीटर वायरचा खर्च.

पायरी ८: गाणं येणार कुठून

ब्लूटूथ सोयीचं, पण साधारण १० मीटरचं. त्याच्या लहरी पाणी शोषून घेतं, म्हणून फोन घेऊन उभा असलेला माणूस मध्ये आला की गाणं अडखळतं, आणि पावसाने भिजलेली झाडीही तेच करते. ब्लूटूथ रिसीव्हर घरातल्या ॲम्पजवळ असेल तर तो खिडकीशी आणा. त्यापेक्षा वायफायवरून चालणारा रिसीव्हर बरा. फोन आला की गाणं थांबत नाही. त्याआधी फोन घेऊन आवाराच्या टोकापर्यंत चालून वायफाय पोचतंय का ते बघा.

वायरचे स्पीकर आणि ब्लूटूथचा स्पीकर एकदम वाजवू नका. ब्लूटूथ शंभर-दीडशे मिलिसेकंद सहज मागे राहतं, आणि सगळं आवार रेल्वे स्टेशनवरच्या घोषणेसारखं घुमायला लागतं.

पायरी ९: पक्कं करण्याआधीची संध्याकाळ

सगळे स्पीकर तात्पुरते ठेवून, वायर जमिनीवरून नेऊन एक पूर्ण संध्याकाळ वाजवा. आधी अधिक-उणे तपासा. दोन स्पीकरच्या मध्ये उभे राहा, बेस असलेलं गाणं मोनोमध्ये लावा, मग ॲम्प बंद करून एकाच स्पीकरच्या दोन तारा उलटसुलट करा आणि पुन्हा ऐका. ज्या जोडणीत बेस भरघोस येतो ती बरोबर. उलट जोडलेले स्पीकर एकमेकांचा बेस मारतात. घरात हे भिंतींमुळे झाकलं जातं, बाहेर उघडं पडतं.

मग खुर्चीवर बसून आवाज ठरवा: समोरच्याशी नेहमीच्या स्वरात बोलता यायला हवं. फोनवरचं आवाज मोजायचं ॲप अचूक आकडा देईलच असं नाही, पण इथे आणि तिथे किती फरक, हे बऱ्यापैकी सांगतं. खुर्चीवरचा आकडा आणि कुंपणावरचा आकडा लिहून घ्या. फरक जितका जास्त तितकी मांडणी चांगली. कमी वाटला तर स्पीकर आणखी जवळ आणून हळू करा. शक्य असेल तर शेजाऱ्यांकडे जाऊन त्यांच्या खिडकीत उभं राहून ऐका. मी दुसऱ्या मांडणीच्या वेळी काकांनाच रिमोट दिला होता. त्यांनी बेस दोन घरं कमी केला आणि तोच आकडा आजही तसाच आहे.

आवाजाची कमाल मर्यादा ॲम्पमध्ये बांधता येत असेल तर बांधून ठेवा. पाहुणा आवाज शेवटपर्यंत फिरवतो, ॲम्पचा दम संपतो, लहरींचे शेंडे छाटले जातात आणि पहिला ट्वीटर, म्हणजे वरचे स्वर वाजवणारा छोटा भाग, जळतो. स्पीकर जास्त वॅटने मरतात तसे दमलेल्या छोट्या ॲम्पनेही मरतात.

देखभाल फार नाही. जाळी ओल्या फडक्याने पुसायची, पाण्याचा पाइप तिच्यावर मारायचा नाही. ब्रॅकेटचे स्क्रू वर्षातून एकदा आवळायचे. पावसाळ्याआधी आवारातल्या सगळ्यात सखल जागेचा एक जोडडबा उघडून तारेचं टोक बघायचं. तांबं लालसर चमकत असेल तर झाकण लावा. हिरवं पडलं असेल तर चार बोटं मागे कापा, स्वच्छ तांबं लागेपर्यंत, आणि तिथे नवा जोड द्या.